हार्ड डिस्कचा वेग स्वतः मोजा: ७२०० आरपीएमच्या डेस्कटॉप ड्राइव्हची चाचणी, पायरीपायरीनं

नवी ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क बसवली की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की जेवढे पैसे मोजले तेवढा वेग मिळतोय का? मग कुठलंतरी बेंचमार्क सॉफ्टवेअर उतरवून घेतलं जातं, बटण दाबलं जातं आणि पडद्यावर आलेला सगळ्यात मोठा आकडा तेवढा लक्षात राहतो. तो आकडा खोटा नसतो, पण त्यावरून डिस्कबद्दल फार थोडं कळतं. हार्ड डिस्क हे फिरणारं यंत्र आहे आणि त्याच्याकडून किती वेगाची अपेक्षा ठेवायची, हे चाचणीआधीच कागदावर काढता येतं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी गणित करा आणि मगच मोजा. दोन्ही जुळलं तर डिस्क ठणठणीत आहे. जुळलं नाही, तर घोळ केबलमध्ये आहे, विंडोजमध्ये आहे की खुद्द डिस्कमध्ये, याचा मागही त्याच गणितावरून लागतो.

हा लेख पहिल्यांदाच असं काही करू पाहणाऱ्यांसाठी आहे. विंडोज १० किंवा ११ असलेला डेस्कटॉप, साडेतीन इंची साटा ड्राइव्ह (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडण्याची नेहमीची पद्धत) आणि २ टीबी क्षमता, एवढं मी गृहीत धरलंय. तुमची डिस्क वेगळी असली तरी रीत हीच. आकडे मात्र तुमच्या डिस्कचे घाला.

आधी कागदावर

७२०० आरपीएम म्हणजे तबकडीचे मिनिटाला ७२०० फेरे, सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला डेटा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, ते झाले ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या डेटाच्या गोल रेघेवर, जाऊन पोचायचं असतं. डेस्कटॉप ड्राइव्हला त्यासाठी सरासरी ८ ते ९ मिलिसेकंद लागतात. बेरीज होते १२.५ ते १३ मिलिसेकंद. म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे एकेक करून मागितले, तर सेकंदाला जेमतेम ८० तुकडे हाती येणार. तुकडा ४ केबीचा धरला तर ८० गुणिले ४, म्हणजे सेकंदाला ३२० केबी. एका एमबीचा साधारण तिसरा हिस्सा!

आता सलग वाचनाचं बघू. सध्याच्या २ टीबीच्या ७२०० आरपीएम ड्राइव्ह बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण १८० ते २२० एमबी देतात. २१० धरले आणि १२० फेऱ्यांनी भागले, तर एका फेऱ्यात १.७५ एमबी डेटा हेडखालून जातो. तबकडीच्या आतल्या कडेला परीघ लहान, त्यामुळे एका फेऱ्यात मावणारा डेटाही कमी. फेऱ्यांचा वेग मात्र तोच. म्हणून आतल्या कडेला वेग बाहेरच्याच्या साधारण निम्म्यावर येतो. डिस्कवरच्या पत्त्यांची मोजणी बाहेरून आत होते, म्हणून कोरी डिस्क सगळ्यात वेगवान वाटते आणि भरत जाते तशी मंदावते. हा बिघाड नाही, भूमिती आहे.

एकाच डिस्कचा वेग सलग वाचताना सेकंदाला २०० एमबी आणि विखुरलेलं वाचताना ०.३ एमबी. सहाशे पटींहून जास्त फरक! हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि तुमचं रोजचं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं. त्यामुळे ‘डिस्कचा वेग किती’ याला एका आकड्यात उत्तर नाही.

५४०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात आणि सरासरी थांबा ५.५६ होतो. उलट दिशेला वेस्टर्न डिजिटलची १०,००० आरपीएमची रॅप्टर होती. ती २००३ साली ३६ जीबी क्षमतेत आली आणि एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) आवाक्यात येण्याआधीच्या काळात घरच्या कॉम्प्युटरसाठी तिच्यासारखी दुसरी डिस्क नव्हती. तिचा थांबा फक्त ३ मिलिसेकंद. २००८ साली आलेल्या व्हेलोसिरॅप्टरमध्ये तर अडीच इंची डिस्क साडेतीन इंचांच्या हीटसिंकमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या चौकटीत, बसवलेली होती. त्या काळी लोक जादा पैसे मोजत होते ते फेऱ्यामागे वाचणाऱ्या या एक-दोन मिलिसेकंदांसाठी, आणि विंडोज सुरू होताना ते जाणवायचेही.

खोक्यावर ठळक छापलेल्या ‘६ गिगाबिट’ या आकड्याचा या हिशोबाशी संबंध नाही. ती साटा जोडणीची क्षमता आहे, प्रत्यक्षात सेकंदाला ६०० एमबी. तबकडीवरून डेटा त्या वेगाने कधीच येत नाही. डिस्कच्या आतल्या कॅश मेमरीत, म्हणजे मॉडेलनुसार ६४ ते २५६ एमबीच्या छोट्या साठ्यात, जे आधीच तयार असेल तेवढंच त्या वेगाच्या जवळपास मिळतं.

पायरी १: चाचणीची जागा तयार करा

डिस्कवर महत्त्वाचं काही असेल तर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. वाचनाच्या चाचण्या निरुपद्रवी असतात, लेखनाच्या सगळ्याच नसतात.

डिस्क कॅबिनेटच्या आत, मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट जोडा. जुना यूएसबी २ डॉक (डिस्क बाहेरून जोडण्याचं साधन) वापरलात तर सेकंदाला ३५ ते ४० एमबीच्या वर काही दिसणार नाही, आणि तुम्ही मोजाल तो वेग डॉकचा असेल. डिस्क स्क्रूने घट्ट बसवा. टेबलावर सुटी ठेवून चाचणी घेणारे बरेच असतात, पण कंपनाचा हेडवर परिणाम होतो. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून जोरात ओरडले आणि त्या क्षणी डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचं त्यांनी आलेखावर दाखवून दिलं. नुसत्या आवाजाने हे होत असेल, तर शेजारी खडखडणाऱ्या पंख्याने काय होईल याचा विचार करा.

ज्या डिस्कवर विंडोज आहे तिचीच चाचणी शक्यतो घेऊ नका. विंडोज सतत काही ना काही वाचत-लिहीत असतं. दुसरा पर्याय नसेल तर कॉम्प्युटर सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये ती डिस्क निवडा. ‘अॅक्टिव्ह टाइम’ शून्याच्या आसपास स्थिरावेपर्यंत सुरुवात करायची नाही. अँटिव्हायरसचं स्कॅन, वनड्राइव्ह, विंडोज अपडेट, टोरंट हे नेहमीचे अडथळे. पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क ठरावीक मिनिटांनी बंद करण्याची सोय असते, तीही चाचणीपुरती काढून ठेवा. नाहीतर मध्येच झोपलेली डिस्क पुन्हा फिरायला लागेपर्यंतचे काही सेकंद तुमच्या आकड्यात मिसळतील.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ या पानावर राइट कॅशिंगची खूण असते, ती चालू राहू द्या. तिच्याच खाली बफर फ्लशिंग बंद करण्याची दुसरी खूण असते. ती केल्यावर बेंचमार्क थोडा सुंदर दिसू शकतो, पण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही आणि वीज गेली की अर्धवट लिहिलेलं सगळं गेलं. यूपीएस असला तरी मी ती खूण करायला सांगणार नाही.

बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, साटाचा मोड एएचसीआय आहे ना, तेही पाहून ठेवा. जुन्या आयडीई मोडमध्ये एनसीक्यू, म्हणजे एकापेक्षा जास्त मागण्या जवळच्या क्रमाने लावून उरकण्याची सोय, चालत नाही. जुन्या मशीनवर मोड आयडीई दिसला तर मात्र लगेच बदलू नका. विंडोज त्या मोडमध्ये इन्स्टॉल झालेलं असेल तर बदलानंतर सुरूच होणार नाही, अशी दाट शक्यता असते. आधी त्याची तयारी कशी करायची ते वाचा.

पायरी २: वेगाआधी प्रकृती

आजारी डिस्कचा वेग मोजण्यात अर्थ नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. झिप आवृत्ती घेतली तर इन्स्टॉलही करावं लागत नाही. उघडल्यावर आधी वरचा भाग वाचा. मॉडेल क्रमांक, फेऱ्यांचा वेग, आणि ‘ट्रान्सफर मोड’ या नावापुढे उभ्या रेघेने विभागलेल्या दोन नोंदी दिसतील. पहिली म्हणजे सध्या मिळालेली जोडणी, दुसरी म्हणजे डिस्कची क्षमता. डाव्या बाजूला ३०० आणि उजव्या बाजूला ६०० दिसलं तर डिस्क जुन्या पोर्टला लागलीय. हार्ड डिस्कसाठी ते फारसं बिघडत नाही. १५० दिसलं तर मात्र पोर्ट किंवा केबल बदला.

शेजारीच किती तास चालली आणि किती वेळा चालू केली याची नोंद असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, डिस्क कुठूनही घेतली असली तरी हा आकडा दुकान सोडण्याआधी किंवा परत करण्याची मुदत संपण्याआधी पाहा. नव्या डिस्कवर तो शून्याजवळ हवा. वर्षाचे तास ८,७६०. त्यामुळे १७ हजारांच्या पुढचा आकडा म्हणजे डिस्क कुठेतरी सलग दोन वर्षं राबलेली आहे. वापरलेली डिस्क घेण्यात गैर काही नाही. ती वापरलेली आहे हे माहीत असलं पाहिजे आणि किंमतही त्याप्रमाणे द्यायला हवी.

खालच्या तक्त्यातले कच्चे आकडे मुळात सोळावर आधारित (हेक्साडेसिमल) पद्धतीने दिसतात. ‘फंक्शन’ मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड फीचर’मध्ये जाऊन ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमान करून घ्या, म्हणजे वाचता येतील. तक्ता लांब आहे, पण नवख्याने चार ओळी पाहिल्या तरी पुरतं. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निकालाची वाट पाहणारे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. या तिन्हींमध्ये नव्या डिस्कवर शून्यच हवं. चौथी ओळ सी७ ची, ती डिस्क आणि मदरबोर्डमधल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका मोजते आणि जवळजवळ नेहमी केबलकडे बोट दाखवते. केबल बदलल्यावर हा आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. तेवढ्यावर समाधान मानायचं.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींमध्ये प्रचंड मोठे कच्चे आकडे दिसतात आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास घाबरतो. त्या आकड्यात एकूण कामांची मोजणीही मिसळलेली असते. त्यावरून डिस्क बिघडली असं समजू नका.

तापमानही इथेच दिसतं. ३० ते ४५ अंश सेल्सिअस उत्तम. बहुतेक डेस्कटॉप ड्राइव्हची वरची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, पण ५० ओलांडले की मी पुढच्या पंख्याची सोय करायला सांगेन. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच चाळिशीच्या पुढे असते, तिथे लांबलचक चाचणी रात्री घेतलेली बरी.

पायरी ३: सगळी डिस्क एकदा भरून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते नव्या डिस्कसाठी हीच सगळ्यात मोलाची आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी या विभागणीच्या पद्धतीने डिस्क तयार करा, पार्टिशन बनवा आणि फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, म्हणजे आपोआपच पूर्ण पृष्ठभागाची लेखनचाचणी होते. २ टीबीला सरासरी १५० एमबीचा वेग धरला तर १३,३३३ सेकंद, सुमारे पावणेचार तास लागतील. गणित करून ठेवलेलं असलं की थांबणं सोपं जातं. सात-आठ तास झाले आणि संपत नाही, तर काहीतरी नक्की बिघडलंय.

हे झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा. ०५, सी५ आणि सी६ अजून शून्यच आहेत? मग पुढे चला. एखादा आकडा हलला असेल, तर वेग मोजण्याच्या भानगडीत न पडता डिस्क बदलून घ्या.

पायरी ४: पूर्ण डिस्कचा आलेख

इथे एचडी ट्यून लागेल. त्याची जुनी मोफत आवृत्ती वाचनाचा बेंचमार्क करते आणि आपल्याला तेवढाच हवाय. प्रो आवृत्तीत लेखनाचीही चाचणी आहे, पण डिस्कवर पार्टिशन असेपर्यंत ती चालत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ती सगळा डेटा पुसते.

डिस्क निवडून ‘स्टार्ट’ दाबा. निळी रेघ म्हणजे वेग, पिवळे ठिपके म्हणजे विखुरलेल्या जागी पोचायला लागलेला वेळ. निळी रेघ डावीकडे उंच सुरू होऊन उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते आणि शेवटी निम्म्याच्या आसपास येते. वर काढलेली भूमिती ती हीच. प्रत्येक पायरी म्हणजे तबकडीवरचा एक पट्टा. त्या पट्ट्यातल्या सगळ्या ट्रॅकवर सारखेच सेक्टर असतात.

आता रेघेचं रूप नीट पाहा, कारण दोष ओळखायला आकड्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. रेघ सुरुवातीला सपाट असेल आणि मग कुठेतरी उतरायला लागत असेल, तर वाटेत काहीतरी अडवतंय. डिस्क जास्त द्यायला तयार आहे, पोर्ट घेऊ शकत नाही. ३५-४० वर शेवटपर्यंत सपाट म्हणजे यूएसबी २. रेघेत मधूनमधून खोल खड्डे पडत असतील तर चाचणी पुन्हा घ्या. खड्डे दुसऱ्या जागी सरकले तर पार्श्वभूमीला दुसरं काहीतरी काम चालू होतं. दर वेळी त्याच जागी पडत असतील तर तिथले सेक्टर कमकुवत आहेत किंवा बदललेले आहेत, आणि तिथला डेटा वाचायला हेडला दूरची चक्कर मारावी लागतेय.

पिवळ्या ठिपक्यांकडे फारसं कुणी पाहत नाही, पण मला तेच सगळ्यात बोलके वाटतात. ठिपक्यांचा ढग डावीकडून उजवीकडे वर चढतो, कारण हेडला जितकं लांब जायचं तितका वेळ जास्त. पण एखाद्या ठिकाणी त्या ढगाची उभी जाडी मोजा. एकाच अंतराच्या उड्यांनाही कमीजास्त वेळ लागतो, कारण डेटा कधी लगेच हेडखाली येतो तर कधी पूर्ण फेरा थांबावं लागतं. म्हणजे ढगाची जाडी साधारण एका फेऱ्याइतकी. ती ८ मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर डिस्क खरोखर ७२०० आरपीएमची आहे. ११ च्या आसपास असेल तर ५४०० ची आहे, मग लेबलवर काहीही छापलेलं असो.

बाजूच्या आकड्यांत ‘अॅक्सेस टाइम’ आपल्या १२.५ ते १३ शी ताडून पाहा. १२ ते १५ पर्यंत ठीक. जुन्या डिस्कवर १७-१८ दिसला तर आवाज कमी ठेवण्याची सोय चालू असण्याचा संभव असतो. त्यात हेड मुद्दाम हळू हलवला जातो. ‘बर्स्ट रेट’ हा कॅशचा आणि जोडणीचा वेग आहे. तो सलग वेगापेक्षाही कमी आला तर जोडणी तपासा, नाहीतर सोडून द्या.

याच सॉफ्टवेअरमधलं ‘एरर स्कॅन’ एकदा रात्रभर चालवून ठेवा. सगळे चौकोन हिरवे यायला हवेत.

पायरी ५: क्रिस्टलडिस्कमार्क, पण नीट

हे सगळ्यात लोकप्रिय साधन आणि सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जाणारंही. ते विंडोजची रॅममधली कॅश टाळून थेट डिस्कशी बोलतं, हा त्याचा मोठा गुण. चार ओळी असतात. वरच्या दोन सलग १ एमबीच्या तुकड्यांच्या, खालच्या दोन ४ केबीच्या विखुरलेल्या तुकड्यांच्या. ‘क्यू’पुढचा आकडा म्हणजे एका वेळी रांगेत किती मागण्या ठेवल्या.

फाइलचा आकार मुळात १ जीबी असतो. एसएसडीला तो चालतो, हार्ड डिस्कला नाही. २ टीबीच्या डिस्कवर १ जीबी म्हणजे तबकडीवरची अगदी अरुंद पट्टी. हेड तिथल्या तिथे हलतो, लांब जावंच लागत नाही, आणि विखुरलेल्या वाचनाचा आकडा ०.६ किंवा ०.७ एमबी असा आपल्या गणिताच्या दुप्पट येतो. गणित चुकलेलं नसतं, परीक्षाच सोपी घेतलेली असते. आकार वाढवून ६४ जीबी करा. फाइल बनवायलाच सहा-सात मिनिटं लागतील, पण आकडा वास्तवाच्या थोडा जवळ येईल. तरीही पूर्ण डिस्कच्या मानाने ती पट्टी अरुंदच. म्हणून या बाबतीत माझा विश्वास एचडी ट्यूनच्या अॅक्सेस टाइमवर जास्त आहे.

३२ मागण्यांची रांग असलेल्या ओळीत वाचनाचा आकडा एकेरी रांगेपेक्षा दुपटीहून जास्त दिसला, तर एनसीक्यू नीट काम करतंय. दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर एएचसीआयकडे पुन्हा एकदा पाहा. ४ केबीच्या लेखनाचा आकडा वाचनापेक्षा बराच चांगला आला तरी चकित होऊ नका. डिस्क आलेलं लेखन आधी आपल्या कॅशमध्ये घेते आणि सोयीच्या क्रमाने तबकडीवर उतरवते. वाचनात ही मुभा नाही, कारण मागितलेलं तेव्हाच द्यावं लागतं.

चाचणीची फाइल रिकाम्या जागेत तयार होते, त्यामुळे डिस्क किती भरलीय त्यावर निकाल ठरतो. हे स्वतः पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. कोऱ्या डिस्कवर सुरुवातीला १०० जीबीचं आणि शेवटी १०० जीबीचं पार्टिशन करा आणि दोन्हींवर सलग वाचनाची तीच चाचणी घ्या. पहिल्यावर १८०-२२०, शेवटच्यावर जवळपास निम्मं. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी यातून थेट फायदा घ्यावा. चालू प्रकल्पासाठी पहिलं पार्टिशन राखून ठेवा, जुनं साठवलेलं मागच्या भागात टाका.

पायरी ६: घड्याळ लावून कॉपी

आता रोजच्या कामासारखी परीक्षा. कॉम्प्युटरमध्ये १६ जीबी रॅम असेल तर ४ जीबीची फाइल कॉपी करून वेग पाहू नका. विंडोज ती आधी रॅममध्ये घेतं, खिडकीत पाचशे-हजार एमबीचे आकडे झळकतात आणि डिस्क मागाहून सावकाश लिहीत राहते. रॅमच्या दुपटीहून मोठी, समजा ४० जीबीची फाइल घ्या, ती एसएसडीवरून कॉपी करा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. १८० च्या वेगाने ४० जीबीला २२२ सेकंद, पावणेचार मिनिटं. तुमच्या घड्याळात चार ते साडेचार मिनिटं आली तर उत्तम. वाचनाची परीक्षा घेण्याआधी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, नाहीतर तीच फाइल रॅममधूनच परत मिळेल. फाइल एकाच डिस्कवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करून वेग मोजू नका. हेडला वाचायला इकडे आणि लिहायला तिकडे धावावं लागतं.

दुसरी फेरी फोटोंची. काही हजार लहान फाइल असलेलं फोल्डर घ्या, एकूण आकार १० जीबीच्या आसपास. इथे वेग ४०-५० एमबीवर आला किंवा आणखी खाली गेला, तरी डिस्क खराब नाही. प्रत्येक फाइलमागे नोंदी लिहायला हेडला ये-जा करावी लागते. यावरूनच माझं ठाम मत आहे की विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवर असावं; हार्ड डिस्कवर सिनेमे, शूटिंगचं मूळ चित्रण, बॅकअप, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असं मोठं आणि सलग साहित्य ठेवावं. तिथे ती आजही रुपयामागे सर्वात जास्त जागा देते.

पायरी ७: एसएमआर ओळखा

काही डिस्कमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. याला एसएमआर म्हणतात. जागा वाचते, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्याच्या पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. त्यासाठी डिस्क एक राखीव भाग ठेवते, आलेलं लेखन तिथे घेते आणि सवडीने योग्य जागी हलवते. तो भाग भरेपर्यंत सगळं झकास चालतं, म्हणून छोट्या बेंचमार्कमध्ये ती पकडली जात नाही. सीगेट बाराकुडाच्या २ टीबी मॉडेलसारख्या काही डिस्क ७२०० आरपीएमच्या असूनही एसएमआर आहेत, त्यामुळे फेऱ्यांवरून अंदाज बांधू नका. २०२० साली डब्ल्यूडी रेडच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपन्यांनी आपापल्या मॉडेलच्या याद्या दिल्या. विकत घेण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक त्या यादीत पाहणं हा सर्वात सोपा मार्ग.

स्वतः तपासायचं असेल तर डिस्क ८० टक्के भरा, मधल्या बऱ्याच फाइल पुसा आणि मोकळ्या झालेल्या जागेत शंभर-दोनशे जीबी लहानमोठ्या फाइल सलग ओता. साधी डिस्क एका लयीत लिहीत राहते. एसएमआर डिस्कचा वेग काही वेळाने कोसळतो, टास्क मॅनेजरमध्ये ‘अॅक्टिव्ह टाइम’ १०० टक्के आणि लेखन जेमतेम काही एमबी, असं चित्र दिसतं. कॉपी थांबवल्यावरही डिस्क बराच वेळ कुरकुरत राहते. बॅकअपसाठी अशी डिस्क चालते. रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्यात) किंवा एनएएसमध्ये (नेटवर्कवरच्या साठवणपेटीत) मात्र ती घालू नका. एक डिस्क बदलून सगळा डेटा पुन्हा बांधायची वेळ आली, की तिथे ती फार छळते.

लिनक्स वापरत असाल तर नोम डिस्क्स या सॉफ्टवेअरमध्ये वाचनाचा असाच आलेख आणि ठिपके मिळतात, स्मार्टचे, म्हणजे पायरी २ मधल्या प्रकृतीच्या तक्त्यातले, आकडेही तिथेच दिसतात. हुकूम टाइप करून मोजायचं असेल तर कॅश टाळून थेट वाचण्याचा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर रॅमचाच वेग मोजाल.

नोंद आणि पुढचं

एक साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते. तारीख, मॉडेल आणि फर्मवेअर, कुठल्या पोर्टला जोडली, डिस्क किती टक्के भरलेली, तापमान, चाचणीच्या फाइलचा आकार, मग आकडे. एचडी ट्यूनच्या आलेखाचा स्क्रीनशॉटही जपून ठेवा. प्रत्येक चाचणी तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा. तीन आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल, तर पार्श्वभूमीचं काम अजून थांबलेलं नाही.

सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तोच आलेख पुन्हा काढा. रेघ पूर्वीच्याच रेघेवर बसली पाहिजे, कारण डिस्क झिजून हळूहळू मंद होत नाही. तिचे फेरे तेच राहतात. कॉम्प्युटर मंदावला आणि आलेख मात्र जुन्यासारखाच आला, तर कारण फाइलच्या तुकड्यांत आहे किंवा विंडोजमध्ये; ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ चालवून पाहा. आलेखात नवा खड्डा पडला असेल आणि सी५ चा आकडा शून्यावरून हलला असेल, तर आणखी चाचण्या घेत बसू नका. प्रत्येक लांब स्कॅनने त्या हेडवर ताण वाढतो. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवा, सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर सर्वात आधी. मगच कंपनीचं स्वतःचं तपासणी सॉफ्टवेअर चालवा, त्याचा निकाल जपून ठेवा आणि वॉरंटीसाठी अर्ज करा.